जिमी रेनी सपाट वाटत असेल तर नक्की काय ऐकायचं

प्रश्न साधारण असा आलाय: वेस माँटगोमेरी, जो पास, ग्रँट ग्रीन हे गिटारवाले सगळे मनापासून ऐकून झाले, मग कुणीतरी सांगितलं की जॅझ गिटारवादक जिमी रेनी ऐक, तर दोन-तीन रेकॉर्डिंग लावली आणि वाटलं की वाजवतोय छान पण सगळं एकाच आवाजात चाललंय, ना कुठे चढतं ना कुठे उतरतं, मग गिटारवाले लोक याला एवढं का मानतात, आणि ऐकायचंच तर सुरुवात कुठून करायची?

मी जॅझ गिटार वाजवते, शिकवते, आणि रेनीचे सोलो कानाने उतरवण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकते. रेनीकडे जे काही घडतं ते फ्रेजमध्ये, म्हणजे सुरांच्या एकेका वाक्यात घडतं. फ्रेज बारच्या (चार मात्रांच्या गटाच्या) कुठल्या बीटवर, म्हणजे मात्रेवर, सुरू झाली, किती लांब गेली, कुठे थांबली, आणि पुढची सुरू व्हायच्या आधी त्याने किती वेळ गप्प बसणं पसंत केलं. आवाज लहानमोठा करणं, टोन बदलणं, मधेच मोठ्या कॉर्ड्स (अनेक सूर एकदम) मारणं, यातलं तो जवळजवळ काही वापरत नाही. वेसचा सोलो आधी सिंगल नोट, मग ऑक्टेव्ह (तोच सूर दोन सप्तकांत एकदम), मग ब्लॉक कॉर्ड्स असा पायरी पायरीने चढतो आणि ते पहिल्याच ऐकण्यात कुणालाही कळतं, जॅझ कधी ऐकलेलं नसलं तरी कळतं. रेनीकडे त्या पायऱ्याच नाहीत, म्हणून तिथे त्या शोधत बसलं की हाती काही लागत नाही आणि 'सपाट' हा शब्द तोंडात येतो. वेस स्वतः मात्र रेनीला फार मानायचा, साठच्या दशकाच्या सुरुवातीला दिलेल्या मुलाखतीत त्याने रेनीच्या हाताच्या मऊपणाचं आणि सफाईचं अगदी मोकळेपणाने कौतुक केलंय.

आता फ्रेज ऐकायची म्हणजे काय करायचं. आपल्याकडचं गाणं ऐकणाऱ्याला हे एका वाटेने पटकन समजतं. जॅझमधला कोरस म्हणजे बहुतेकदा १२ किंवा ३२ बारचं चक्र, संपलं की पुन्हा पहिल्यापासून, आवर्तनासारखंच. फक्त आपल्याकडे गायक समेवर येतो तेव्हा ऐकणाऱ्याला दाद द्यायला जागा मिळते, सगळी बैठक त्या क्षणाची वाट बघत असते. रेनी नेमकी तीच जागा झाकून टाकतो. नव्या कोरसचा पहिला बीट येतो तेव्हा तो बहुतेकदा फ्रेजच्या मधोमध असतो, म्हणजे मागच्या कोरसच्या शेवटच्या दोन बारमध्ये सुरू केलेली ओळ नव्या कोरसचा उंबरठा ओलांडून तिसऱ्या-चौथ्या बारपर्यंत जाते आणि तिथे कुठल्यातरी ऑफबीटवर (दोन मात्रांच्या मधे) सहज थांबते. चक्र कुठे सुरू झालं ते त्याला पक्कं माहीत असतं, तुम्हाला ते तो सांगत नाही. तुम्ही स्वतः मोजत असाल तरच कळतं की हा माणूस आत्ता काय करून गेला.

म्हणून मोजा. खरंच मोजा, बोटांवर मोजा, लाज वाटून घेऊ नका. टाळी २ आणि ४ वर द्या, तोंडाने बार मोजा, आणि त्याची प्रत्येक फ्रेज कुठल्या बारच्या कुठल्या बीटला सुरू होते तेवढंच बघा, सूर कुठले आहेत ते सध्या सोडून द्या. थोड्याच वेळात लक्षात येईल की एकावर सुरू होणारी फ्रेज शोधूनच काढावी लागते. कधी दीडावर, कधी चारच्या पुढच्या ऑफबीटवर, कधी तीन एट्थ नोट्सची (अर्ध्या मात्रेच्या सुरांची) एक छोटी आकृती घेऊन ती चारच्या तालात पुन्हा पुन्हा फिरवतो की तिचा जोर दर वेळी वेगळ्या बीटवर पडतो आणि दोन बार तुम्हाला वाटतं हा ताल सोडून गेला, मग सगळं जागच्या जागी येतं. दोन छोट्या फ्रेज, एक मोठी श्वास घेण्याएवढी जागा, मग आठ-दहा बारची एकच सलग ओळ. लांबीचा हा जो खेळ आहे तोच त्याचा चढउतार आहे, बाकीचे लोक जे आवाजाने करतात ते हा लांबीने करतो.

सुरुवात कुठून, तर माझं उत्तर ठाम आहे: स्टॅन गेट्झच्या क्विंटेटचं स्टोरीव्हिल क्लबमधलं रेकॉर्डिंग, बॉस्टन, २८ ऑक्टोबर १९५१. रेनीच्या स्वतःच्या नावाच्या अल्बमपासून सुरुवात करू नका, बरेच जण तिथेच फसतात. स्टोरीव्हिलला टेनर सॅक्सवर गेट्झ, गिटारवर रेनी, पियानोवर अल हेग, बासवर टेडी कोटिक आणि ड्रम्सवर टायनी कान. हेग आणि कोटिक दोघंही चार्ली पार्करबरोबर वाजवलेले, म्हणजे बीबॉप ही वेगवान, गुंतागुंतीची शैली घडवणाऱ्या सॅक्सवाल्याबरोबर. गेट्झ आणि रेनी दोघंही १९२७ चे, म्हणजे त्या रात्री दोघं २४ वर्षांचे होते, आणि दोघांच्याही वाजवण्यात टेनर सॅक्सवाल्या लेस्टर यंगचा हलका, न ओरडणारा सूर आणि पार्करची भाषा या दोन्ही गोष्टी मुरलेल्या. रूस्ट नावाच्या छोट्या लेबलने हे सुट्या भागांत काढलं होतं. नंतर १९९७ मध्ये ब्लू नोटने 'द कम्प्लिट रूस्ट रेकॉर्डिंग्ज' म्हणून तीन सीडींचा संच काढला त्यात ते सगळं एकत्र आहे, आणि आता ऑनलाइनही वेगवेगळ्या नावांनी सापडतं, तारीख आणि क्लबचं नाव बघून खात्री करून घ्या.

त्यातलं 'पार्कर ५१' लावा. रेनीची रचना, 'चेरोकी' या जुन्या गाण्याच्या कॉर्ड्सवर बांधलेली, वेग प्रचंड. हेडमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चालीतच, गिटार आणि टेनर एका जिवाने धावतात, कुठे युनिसन (एकच ओळ दोघं मिळून), कुठे दोन ओळी वेगळ्या होऊन पुन्हा जुळतात, आणि इथे पहिल्यांदा कळतं की रेनी गिटारकडे फुंकून वाजवायच्या वाद्यासारखं बघतो. पियानो आहे म्हणून मागे कॉर्ड्स देत बसायचं काम त्याला फारसं नाही, तो बँडमधला दुसरा हॉर्न आहे. गेट्झच्या टेनरशेजारी उभं राहून गिटारने तोलाने वाजवणं ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती ते आज चटकन लक्षात येत नाही. अ‍ॅम्प लहान, गिटारचा सूर लगेच विरणारा, आणि शेजारी असा माणूस की ज्याचा प्रत्येक सूर भरलेला.

'चेरोकी'चा फॉर्म ६४ बारचा आहे, एएबीए, प्रत्येक भाग १६ बार. ए भाग बी फ्लॅटमध्ये निवांत आहे, कसोटी लागते ब्रिजला (बी भागाला), कारण तिथे सूर, म्हणजे की किंवा आधारस्वर, चार-चार बारला बदलतो, आधी बी मेजर, मग ए, मग जी, मग परत घरी यायची तयारी. या ठिकाणी सोपी वाट अशी की एक फ्रेज घ्यायची आणि तीच एकेक टोन खाली सरकवत न्यायची, आणि चांगले चांगले लोक ती वाट घेतात, त्यात वाईट काही नाही. रेनीचा सोलो ऐकताना ब्रिज आला की कान टवकारा. सूर बदलतोय तिथे जोड दिसतो का बघा. त्याची ओळ एका सुरातून दुसऱ्या सुरात कुठेतरी बारच्या मधे, एखाद्या क्रोमॅटिक सुरावरून अशी घसरते की कॉर्ड बदलल्याचं तुम्हाला आधी पियानोवरून कळतं आणि मग लक्षात येतं की गिटार तर तिथे आधीच पोचलेली होती. एवढ्या वेगात हे करताना हात घाईला आल्याचा एकही आवाज नाही. मी आजही हा भाग विद्यार्थ्यांना ऐकवते तेव्हा बोलणं बंद करते, मधे काही सांगावंसं वाटत नाही.

त्याच रात्रीचं 'द साँग इज यू', 'मूव्ह' आणि रेनीचीच दुसरी रचना 'सिग्नल', ही ऐका. टायनी कान १९५३ मध्ये गेला, अगदी तरुणपणी, आणि या रेकॉर्डिंगमध्ये तो ज्या हलक्या हाताने बँडला उचलून धरतो त्यासाठीही एकदा वेगळं ऐका, फक्त राइड सिंबलवर (ड्रम्समधल्या मोठ्या झांजेवर) कान ठेवून.

एक व्यवहाराची गोष्ट. हे फोनच्या स्पीकरवर, पोळ्या लाटताना किंवा गाडीत ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी. रेनीचे अ‍ॅक्सेंट बारीक असतात. बीबॉपच्या एट्थ नोट्सच्या ओळीत सगळे सूर सारखे वाजत नसतात, ओळ जिथे वर जाऊन वळते त्या टोकाच्या सुराला किंचित जोर असतो आणि त्या जोरांचा मिळून वर दुसराच एक ताल तयार होतो. पार्करचा अ‍ॅक्सेंट फटका मारल्यासारखा येतो म्हणून तो कुठल्याही स्पीकरवर ऐकू येतो. रेनीचा तोच अ‍ॅक्सेंट, त्याच जागी, पण इतका मऊ की छोट्या स्पीकरवर पुसूनच जातो आणि मग उरतो तो सारख्या सुरांचा ओघ, ज्याला तुम्ही सपाट म्हणताय. त्यात १९५१ चं क्लबमधलं रेकॉर्डिंग, गिटार मुळातच मिक्समध्ये मागे. हेडफोन लावा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा.

आणि तो हे हाताने कसं करतो तेही सांगते, कारण ते कळलं की ऐकणं बदलतं. गिटारवर प्रत्येक सूर पिकने मारला की ओळ टाइपरायटरसारखी होते. सॅक्सवाला प्रत्येक सुराला जीभ लावत नाही, एका जिभेच्या ठोक्यात दोन-तीन सूर काढतो. रेनीने तेच उचललं, ऑफबीटचा सूर पिकने आणि त्याच्या पुढचा, बीटवरचा सूर डाव्या हाताच्या बोटाने, हॅमर किंवा पुल-ऑफने. म्हणजे बीटवरचा सूर आपोआप थोडा हळू आणि ऑफबीटचा थोडा ठळक, झाला स्विंग. पण प्रत्येक वेळी नाही, कुठे स्लर (पिक न मारता जोडलेला सूर) घ्यायचा आणि कुठे पिक मारायची याची निवड ओळीच्या वळणाप्रमाणे बदलते, आणि हे बदलणंच शिकायला सगळ्यात अवघड. हात शिकले तरी कान तिथे पोचायला वेळ लागतो.

हे सगळं आलं कुठून, तर थोडं त्याच्याबद्दल. जन्म २० ऑगस्ट १९२७, लुइव्हिल, केंटकी. तिथे हेडन कॉझी नावाच्या गिटारवादकाकडे शिकला, त्याने आधीच्या पिढीचा मोठा इलेक्ट्रिक गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ऐकवला, आणि १९४४ मध्ये कॉझीच्याच जागी न्यूयॉर्कला जेरी वॉल्डच्या बँडमध्ये गेला, वय जेमतेम सतरा. त्या बँडमध्ये अल हेग भेटला आणि बीबॉपचं दार उघडलं. मग शिकागो, १९४८ मध्ये वुडी हर्मनचा बँड ज्यात गेट्झ, झूट सिम्स, अल कोन हे सॅक्सवाले सगळे होते. न्यूयॉर्कला टॅल फार्लो, सॅल साल्वाडोर आणि रेनी काही काळ एकाच घरात राहायचे, तीन गिटारवाले एका छताखाली, आणि फार्लो आणि रेनी यांच्यात ऐकणाऱ्याला नेहमी गोंधळ होतो कारण भाषा एकच आहे. फरक असा ऐका की फार्लो झेप घेतो, मोठे हात, मोठ्या उड्या, मधेच अंगावर धावून आल्यासारखा. रेनी कधीच धावून येत नाही.

स्टोरीव्हिल पचलं की मग डिसेंबर १९५२ चं 'स्टॅन गेट्झ प्लेज', पियानोवर ड्यूक जॉर्डन, बासवर बिल क्रो, ड्रम्सवर फ्रँक इसोला. हे स्टुडिओतलं, ट्यून तीन-चार मिनिटांच्या, त्यामुळे रेनीला सोलोसाठी अर्धा कोरस मिळाला तरी खूप. लोक हा अल्बम गेट्झच्या बॅलड्ससाठी ऐकतात आणि बरोबरच आहे, पण तुम्ही गेट्झच्या मागे गिटार काय करते ते ऐका, कुठे दुसरा सूर लावून आधार, कुठे एक छोटी उलटी ओळ, आणि पुष्कळ ठिकाणी काहीच नाही. काही न वाजवण्याचा निर्णयही ऐकू येतो असे अल्बम थोडे असतात.

मग प्रेस्टिज लेबलचे १९५३ ते ५५ चे सेशन्स. माझ्या मते रेनी म्हणून रेनी कोण होता ते इथे आहे, स्टोरीव्हिलपेक्षाही जास्त, फक्त कान तयार झाल्यावर. पहिलं सेशन एप्रिल १९५३ चं, 'जिमी रेनी प्लेज', पियानोवर हॉल ओव्हर्टन, बासवर रेड मिचेल, ड्रम्स इसोला, आणि टेनरवर 'स्वेन कूलसन' नावाचा कुणीतरी, जो म्हणजे स्वतः गेट्झ, कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या कंपनीशी असल्यामुळे नाव बदलून आलेला. चारच ट्यून आहेत, 'सिग्नल', 'ली', 'राउंड मिडनाइट' आणि 'मोशन'. 'मोशन' हे 'यू स्टेप्ड आउट ऑफ अ ड्रीम'च्या कॉर्ड्सवर आहे, आणि त्याचं हेड ऐकताना दोन वाद्यांच्या ओळी कशा एकमेकींना जागा देत चालतात ते बघा, कारण रेनी या काळात ओव्हर्टनकडे रचना शिकत होता. हा ओव्हर्टन ज्युलिअर्ड या न्यूयॉर्कच्या संगीतशाळेत शिकवणारा, काँपोझिशनचा पक्का माणूस, पुढे १९५९ मध्ये पियानोवादक थेलोनियस मंकच्या टाउन हॉलच्या कॉन्सर्टसाठी मोठ्या बँडची अ‍ॅरेंजमेंट त्यानेच केली. रेनी हंगेरियन संगीतकार बार्टोक ऐकायचा, अभ्यासायचा. त्याने गिटार आणि स्ट्रिंग क्वार्टेट यांच्यासाठी 'स्वीट फॉर गिटार क्विंटेट' लिहिलं, १९५७ मध्ये रेकॉर्डही झालं, आणि बाहेर पडलं ते पुष्कळ वर्षांनी म्यूज लेबलवर. हे माहीत असलं की त्याच्या सोलोतल्या ओळींना जो एक सांधा असतो, पहिल्या बारमधली कल्पना विसाव्या बारमध्ये उलटी होऊन येते, तो योगायोग वाटत नाही. तो वाजवताना रचत होता, शब्दशः.

१९५४-५५ ची सेशन्स पुढे 'ए' नावाच्या एलपीवर एकत्र झाली, गडद निळसर मूडची आहेत, त्यात 'मायनर', 'डबल इमेज', 'सम अदर स्प्रिंग', 'स्प्रिंग इज हिअर' आहेत. सगळा अल्बम एका बैठकीत ऐकू नका. एक ट्यून, तीन वेळा. पहिल्यांदा मोजत, दुसऱ्यांदा न मोजता, तिसऱ्यांदा गिटारबरोबर तोंडाने गुणगुणत. गुणगुणताना जिथे तुमचा श्वास संपतो आणि त्याची फ्रेज संपत नाही, ती जागा लक्षात ठेवा.

रेड नॉर्व्होच्या ट्रिओबद्दल थोडक्यात: १९५३ मध्ये फार्लोच्या जागी रेनी आला, वाद्यं फक्त तीन, व्हायब्स (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), गिटार आणि बास; ड्रम्स नाहीत, पियानो नाही. फँटसी लेबलवर रेकॉर्डिंग्ज आहेत. इथे त्याला कॉम्पिंग (दुसऱ्याच्या सोलोमागे कॉर्ड्स देणं) करावं लागतं त्यामुळे त्याचा हा एरवी न दिसणारा हात ऐकायला मिळतो. याच ट्रिओबरोबर जानेवारी १९५४ मध्ये तो युरोपला गेला, त्या टूरवर गायिका बिली हॉलिडे होती, आणि फेब्रुवारीत पॅरिसला व्होग लेबलसाठी फ्रेंच-बेल्जियन मंडळींबरोबर रेकॉर्ड करून आला, टेनरवर बॉबी जॅस्पार. ते रेकॉर्ड मोकळं, उन्हातलं आहे, प्रेस्टिजच्या गडद सेशन्सनंतर लावून बघा. डाउनबीट या अमेरिकन जॅझ मासिकाच्या क्रिटिक्स पोलमध्ये १९५४ आणि १९५५ दोन्ही वर्षं गिटारमध्ये पहिला रेनी होता. म्हणजे त्या वेळी जाणकारांना कळत नव्हतं असं अजिबात नाही.

मग विसरला कसा गेला? मला याची कारणं फार ठोस वाटतात आणि त्यात 'दुर्लक्षित प्रतिभा' वगैरे गूढ काही नाही. गेट्झबरोबर वाजवणाऱ्या गिटारवाल्यांकडेच बघा ना. १९५२ मध्ये जॉनी स्मिथने गेट्झला घेऊन 'मूनलाइट इन व्हर्माँट' केलं, हिट झालं. १९६२ मध्ये चार्ली बर्डबरोबर गेट्झने 'जॅझ सांबा' केलं, प्रचंड हिट झालं. या दोन्हींच्या आधीचा आणि माझ्या मते वाजवण्यात सगळ्यात खोल असलेला गिटारवाला रेनी, पण त्या क्विंटेटकडे रेडिओवर लावण्यासारखी एकही ट्यून नव्हती, होतं ते क्लबमधलं वेगवान बीबॉप. दुसरं, त्याचं सगळ्यात चांगलं काम दहा इंची एलपींवर, छोट्या लेबलांवर, चार-चार ट्यूनच्या सेशन्समध्ये विखुरलेलं आहे. हातात घेऊन 'हा त्याचा अल्बम' म्हणावं अशी एक वस्तू नाही. तिसरं, १९५५ ते ६० या काळात, जेव्हा एलपीचं युग भरात होतं आणि सगळे रेकॉर्ड करत होते, तेव्हा तो ब्लू एंजल नावाच्या न्यूयॉर्कच्या सपर क्लबमध्ये जिमी लायनच्या ट्रिओत रोजची नोकरी करत होता. घर चालत होतं, नाव मागे पडत होतं. आणि मग दारू. साठच्या दशकाच्या मध्यावर तो लुइव्हिलला परत गेला आणि काही वर्षं जगाच्या दृष्टीने संपल्यातच जमा होता.

त्या मधल्या काळातलं काय ऐकायचं, तर केनी बरेलबरोबरचा १९५७ चा 'टू गिटार्स' एकदा नक्की ऐका पण त्यात हॉर्न्स फार आहेत, गर्दी आहे, मला तो अल्बम म्हणून जमलेला वाटत नाही. फायदा एवढाच की दोन गिटार शेजारी शेजारी मिळतात, बरेलचा पिकचा ठसा जाड, ब्लूजमध्ये रुतलेला, रेनीचा बारीक आणि पुढे सरकणारा, कोण कोण ते दोन मिनिटांत ओळखू येतं आणि कानाला चांगला सराव होतो. बॉब ब्रुकमायरचा 'द स्ट्रीट स्विंगर्स', त्याच वर्षाच्या शेवटचा, गिटारवर जिम हॉल आणि रेनी दोघं एकत्र, तो मात्र फार सुंदर. आणि १९६४ चा 'टू जिम्स अँड झूट', पुन्हा जिम हॉल, शिवाय झूट सिम्स, बासवर स्टीव्ह स्वॉलो. बोसा नोव्हा या ब्राझीलच्या शैलीच्या लाटेतला आहे म्हणून लोक हलका समजून सोडून देतात, तसं करू नका. जिम हॉलला आज आपण जागा सोडून वाजवण्याचा गुरू मानतो, त्याच्या समोर रेनी त्याच तोलाचा, फक्त जास्त लांब वाक्यात बोलणारा.

सत्तरच्या दशकात तो परत आला आणि इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. सगळे म्हणतात पन्नासचं दशक म्हणजे खरा रेनी. मला वाटतं फ्रेजच्या बाबतीत तो १९७५ नंतर आणखी पुढे गेलेला आहे. झानाडू लेबलवरचा 'द इन्फ्लुअन्स' हा १९७५ चा, सॅम जोन्स आणि बिली हिगिन्स यांच्याबरोबर, आणि १९७६ चा 'लाइव्ह इन टोकियो', जोन्स आणि लिरॉय विल्यम्स. पियानो नाही, फक्त गिटार, बास, ड्रम्स. टोकियोमधलं 'अँथ्रॉपॉलॉजी' लावा, स्टोरीव्हिलचं 'पार्कर ५१' ऐकून लगेच. टोन जास्त सुका झालाय, गोडवा कमी, काहींना तो आवडणार नाही. पण मागे पियानो नसल्यामुळे कॉर्ड्स सांगायची सगळी जबाबदारी त्या एका ओळीवर आहे, आणि ती ओळ ती जबाबदारी इतकी चोख पाळते की तुम्हाला पियानो नसल्याचं आठवत नाही. विसाव्या वर्षीच्या चपळाईची जागा इथे निवडीने घेतलीय.

त्याचा मुलगा डग रेनी, १९५६ चा, तोही गिटारवादक, युरोपात स्थायिक झाला होता. बापलेकांचा १९७९ चा 'ड्युएट्स' स्टीपलचेसवर आहे. दोन गिटार, तिसरं कुणी नाही, आणि पुष्कळ ठिकाणी बाप कोण आणि मुलगा कोण ते मला अजूनही पहिल्या फटक्यात सांगता येत नाही. १९८१ मध्ये हॉलंडचं क्रिस क्रॉस लेबल सुरू झालं त्याचं पहिलंवहिलं रेकॉर्ड म्हणजे 'रेनी ८१', त्यातही डग आहे. नंतर 'द मास्टर' आणि टॉमी फ्लॅनगन, जॉर्ज म्राझ यांच्याबरोबरचा १९८५ चा 'विस्टेरिया'. तुमच्यासारखं ज्याला वेस आवडतो त्याला 'विस्टेरिया' सगळ्यात सोपा जाईल, आवाज नवा आहे, गिटार पुढे आहे, फ्लॅनगनचा पियानो हात धरून नेतो. स्टोरीव्हिल खूपच जुनाट आवाजाचं वाटलं तर तिथून सुरू केलं तरी चालेल, मग मागे जा.

या शेवटच्या रेकॉर्डिंग्जबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. रेनीला मेनिएर्स डिसीज होता, आतल्या कानाचा आजार, चक्कर येते, कानात आवाज येत राहतो आणि ऐकू येणं हळूहळू कमी होत जातं. सुमारे तीस वर्षं तो हे काढत होता आणि शेवटी दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरा झाला. १० मे १९९५ ला लुइव्हिलमध्ये गेला. दया म्हणून हे सांगत नाहीये. पण ऐंशीच्या दशकातली रेकॉर्डिंग्ज ऐकताना, बासवाल्याशी तो किती अचूक जुळवून घेतोय ते बघताना, ही ओळ बाहेरून ऐकून नाही तर आतून आधीच ऐकून वाजवली जातेय हे डोक्यात ठेवा. त्याच्या फ्रेज अशा पूर्ण का असतात त्याचा थोडा अंदाज मला तिथून येतो.

आणि तुम्ही स्वतः गिटार वाजवत असाल, प्रश्नावरून वाटतं की वाजवता, तर जेमी एबरसोल्डच्या प्ले-अलाँग (रेकॉर्डबरोबर वाजवायच्या) पुस्तकांमधला २० वा भाग मिळवा. एबरसोल्ड इंडियानातल्या न्यू अल्बनीचा, म्हणजे ओहायो नदीच्या पलीकडे, लुइव्हिलच्या समोर. या भागात रेनीने ओळखीच्या स्टँडर्ड्सच्या कॉर्ड्सवर स्वतः लिहिलेले सोलो आहेत, नोटेशनसकट, आणि त्याने ते वाजवलेलेही आहेत. २९ वा भाग त्याच्याबरोबर ड्युएट वाजवायचा आहे, तो नंतर. सोलो घेतल्यावर टॅब शोधू नका, बोटं कुठे ठेवायची ते कानाने ठरवा, आधी एकेक फ्रेज गाऊन घ्या, मग निम्म्या वेगात वाजवा, आणि मेट्रोनोम फक्त २ आणि ४ वर ठेवा म्हणजे एकाचा आधार मिळणार नाही. आठ बार पक्के झाले की त्यातले सूर तेच ठेवून फ्रेज एक बीट उशिरा सुरू करून बघा. पुढची फ्रेज कुठे अडखळते, मूळ जागेवर ती का बसते, हे हातालाच कळायला लागतं, आणि मग परत रेकॉर्ड लावा.